एरंडाच्या तेलाचा फेस

ज्या कुटुंबांस उन्हाळ्याची दुपार पत्र्याच्या छपराखाली काढावी लागते, त्यांस उष्णता अडविण्याचे महत्त्व सांगावयास नको. आपल्या वाडवडिलांनी यासाठी गवताने घरे शाकारली. त्या काड्यांत हवा कोंडून स्तब्ध राहते, आणि स्तब्ध हवेतून उष्णता फार मंदगतीने जाते. गोधडीची ऊबही याच तत्त्वावर आहे. आजचे उष्णतारोधक फेस असंख्य सूक्ष्म कोषांत वायू कोंडून हेच कार्य करितात.

यांपैकी पॉलियुरेथेन हा विशेष प्रसिद्ध होय. त्याचे रसायन १९३७ साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. फ्रिजच्या भिंतींत बहुधा हाच फेस भरलेला असतो. पॉलिऑल व आयसोसायनेट असे दोन द्रव एकत्र करून तो बनवितात. हे दोन्ही द्रव बहुतांशी खनिज तेलापासून मिळवितात; परंतु पॉलिऑलच्या जागी एरंडेल योजता येते.

याचे कारण असे. एरंडेलात सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते व त्याच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट निसर्गतःच असतो. हा गट आयसोसायनेटशी जोडला जातो. सोयाबीनच्या तेलात तो रासायनिक क्रियेने बसवावा लागतो. मिश्रणात थोडे पाणी असले, की आयसोसायनेटशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पावाच्या पिठाप्रमाणे सर्व द्रव्य फुगून घट्ट होते. छपरास व भिंतीस लागणारा कठीण फेस हवा असल्यास मात्र एरंडेलावर आणखी प्रक्रिया करावी लागते, किंवा त्यात इतर पॉलिऑल मिसळावे लागते.

‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणून आपण या झाडाची थट्टा करितो. तथापि जगातील बहुतेक एरंडी भारतातच पिकते, व भारताच्या पिकापैकी तीनचतुर्थांशाहून अधिक एकट्या गुजरातेत निघते. योनाच्या मस्तकावर ज्या झाडाने छाया धरली, तेही एरंडच असावे, असे अनेक विद्वानांचे मत आहे.

पण ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने कोणी भुलून जाऊ नये. तेल शेतातले असले तरी आयसोसायनेट प्रायः खनिज तेलातूनच येते. म्हणून असा फेस अंशतःच वनस्पतिजन्य असतो. विकत घेताना त्यात वनस्पतीचा भाग किती, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. आयसोसायनेटची वाफ श्वसनास घातक आहे व तिने दमा जडू शकतो; यास्तव फवारणीचे काम शिकलेल्या कामगारांनीच योग्य मुखवटा घालून करावे, आणि त्या वेळी मुलाबाळांस घराबाहेर ठेवावे. हा फेस पेट घेतो व त्याचा धूर विषारी असतो. तो उघडा न ठेवता गिलाव्याने अथवा तक्तपोशीने झाकावा, चुलीपासून दूर ठेवावा, आणि त्याचे तुकडे जाळू नयेत.

ज्यांस हा खर्च परवडणार नाही, त्यांनी पत्र्यास बाहेरून पांढरा रंग द्यावा आणि आतून बांबूच्या चटईची तक्तपोशी करावी. पांढरा रंग ऊन परतवितो, आणि मधली हवा उष्णतेस अडविते. साधने नवी असोत वा जुनी, तत्त्व समजून घेऊन वापरणाऱ्याच्याच घरात गारवा नांदतो.