शेड हलली, अंतर कोणाच्या खात्यावर?

धंद्याची जागा बदलली की मालक नव्या जागेचे भाडे, डिपॉझिट, विजेचे मीटर आणि टेम्पोचा खर्च वहीत मांडतो. कामगाराच्या सायकलीचे वाढलेले अंतर मात्र कोणाच्याच वहीत चढत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील आपल्या लहान कारखानदारांना आणि कारागीर बांधवांना आज याच अंतराने गाठले आहे. म्हणून त्यावर चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस गरजेचे वाटते.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पाठोपाठ भोसरी, चिंचवड, आकुर्डी भागांत कारखाने वाढले. कारखान्याजवळ वस्ती आणि वस्तीतून सायकल, अशी या भागाची घडी बसली. पुढे 1999 साली बजाजचा कारखाना चाकणला निघाला, 2009 साली फोक्सवॅगनचा सुरू झाला, नंतर महिंद्राचाही. मोठ्यांच्या मागे सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने निघाले. कारखाने पुढे सरकले. कामगाराची खोली, मुलांची शाळा आणि रेशनचे दुकान जागच्या जागी राहिले.

त्यात फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने चिखलीच्या कुदळवाडी भागातील भंगाराची गोदामे, शेड आणि लहान कारखाने फार मोठ्या संख्येने पाडले. त्या कारवाईच्या न्याय-अन्यायाची चर्चा वेगळी आहे. ती या पानाची नव्हे. पण ज्याची शेड गेली, त्याला जुन्या भाड्यात शहरात जागा मिळणे कठीण आणि चाकणच्या दिशेने पाहणे भाग, हे उघड आहे.

हिशेब मांडून पाहू

कुदळवाडीहून मोशीमार्गे चाकण सुमारे 15 किलोमीटर पडते. साधी काळी सायकल, भरलेला डबा आणि रस्त्यावरची गर्दी धरली तर ताशी 12 किलोमीटरपेक्षा जास्त वेग मिळत नाही. म्हणजे जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. पूर्वी हाच कारागीर 3 किलोमीटरवरून पाव तासात येत होता. रोजचे दोन तास वाढले. महिन्याच्या 26 दिवसांत ते 52 तास होतात. आठ तासांची पाळी धरली, तर कामगार दरमहा साडेसहा पाळ्या फुकट भरतो!

मोटरसायकल घ्यावी, असे कोणी म्हणेल. रोजचे 30 किलोमीटर, लिटरला 50 चा अॅव्हरेज आणि शंभराच्या वर गेलेले पेट्रोल धरले, तर महिन्याला सोळाशे रुपयांच्या आसपास नुसते तेल जळते, हप्ता निराळा. हेल्परच्या पगाराला हे परवडत नाही. म्हणून सायकल राहणारच, हे धरूनच विचार केला पाहिजे.

कामगार बांधवांसाठी

3 किलोमीटरला जी सायकल चालते, ती 15 किलोमीटरला चालेलच असे नाही. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. सीट यापेक्षा खाली असेल तर गुडघे दुखू लागतात. चाकात हवा कमी असेल तर तेवढेच अंतर दुप्पट वाटते, म्हणून हवा दर आठवड्याला तपासावी. चेनला तेल द्यावे, ढिली झालेली चेन वेळीच बदलावी. वारा आणि चढ जड जात असतील तर मागचे 18 दात्यांचे फ्रीव्हील काढून 20 दात्यांचे बसवून घ्यावे. वेग थोडा कमी होईल पण पॅडल हलके पडेल. डबा आणि हत्यारे खांद्यावर न टाकता कॅरिअरला बांधावीत. दुसऱ्या पाळीहून परतताना मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर हवाच. मोशी, चिंबळी, कुरुळी या टापूत रात्री कंटेनर आणि ट्रेलर धावतात. अंधारातली सायकल त्यांना दिसत नाही.

मालकांसाठी

शेड हलवण्याचा निर्णय मालकाचा असतो, कामगाराचा नाही. म्हणून त्या अंतराचा काही भार मालकाने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. "माझेच सगळे गेले, मी कोठून देऊ?" असे काही बांधव म्हणतील. त्यांचे दुःख खरे आहे. पण आम्ही सुचवतो त्यातील बऱ्याच गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. पाळीची वेळ अर्धा तास मागेपुढे करून महामार्गावरची ऐन गर्दी टाळता येते; रमजानमध्ये तर हे आवर्जून करावे. शेडमध्ये सायकलींना छप्पर, हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान ठेवावे. चांगली सायकल घ्यायला बिनव्याजी उचल देऊन ती पगारातून थोडी थोडी वळती करावी. जवळजवळच्या चार-पाच शेडवाल्यांनी मिळून रात्रपाळीपुरता एक टेम्पो ट्रॅव्हलर लावला तर खर्च वाटला जातो. दहा वर्षे हाताखाली तयार झालेला वेल्डर अंतराला कंटाळून दुसरीकडे गेला तर त्याची भरपाई कशानेही होत नाही.

कायद्याकडेही लक्ष असावे. ज्यांचे ईएसआय कापले जाते, त्यांना कामावर जाताना वा परतताना झालेला अपघात कामावरचा धरता येतो. 2010 च्या दुरुस्तीने तशी सोय झाली. मात्र वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. म्हणून हजेरीपत्रकात येण्याजाण्याची वेळ नीट लिहिली गेली पाहिजे. ज्या मालकाने कामगाराचे नावच कागदावर आणलेले नाही, त्याचा कामगार रस्त्यावर पडला तर ही दाद मागणे फार अवघड होते.

नाशिक फाटा ते खेड उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. मोटारी वरून जातील. खालच्या रस्त्यावर सायकलींना वेगळी, दिवे असलेली पट्टी मिळावी, ही मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी लेखी केली पाहिजे. मागितल्याशिवाय सायकलवाल्याला कोणी काही देत नाही.

नव्या जागेचा करार करण्याआधी प्रत्येक मालकाने एक काम करावे: आपल्या कामगारांची घरे कोठे आहेत, ते कागदावर मांडून नव्या शेडपर्यंतचे अंतर मोजावे. हजार-दोन हजारांनी स्वस्त पडणारी जागा त्या कागदावर महाग ठरण्याची शक्यता पुष्कळ आहे.