पक्षाघात : गुठळी काढणारी दोन यंत्रे आणि आपल्या दारात जाणारे तास

आमच्या भुदरगड तालुक्यात पक्षाघाताला 'वारं गेलं' म्हणतात. 'अण्णांच्या अंगावरनं वारं गेलंय, तेल द्या,' असे सांगत माणसे पहिल्यांदा येतात ती वैद्याच्या दाराशी, नाहीतर आयुर्वेदीय औषधांच्या दुकानात. कोल्हापूर येथून सुमारे ५० किलोमीटर आहे, आणि कडगाव-पाटगावच्या बाजूच्या माणसाला तर गारगोटी हेच शहर. म्हणजे या व्याधीतील पहिला तास बहुधा आपल्याच हाती असतो. त्या तासाचे आपण काय करतो, यावर स्पष्टपणे लिहावे असे बरेच दिवस मनात होते. परवा एका वैद्यमित्रांनी एक प्रश्न विचारला आणि निमित्त मिळाले.

त्यांनी विचारले, "मेंदूच्या धमनीतली गुठळी आता दोन-दोन साधने एकदम घालून काढतात म्हणे. मग एका साधनाने काम होत नाही, असाच त्याचा अर्थ ना? त्यासाठी रुग्णाला एवढ्या लांब पाठवायचे कशाला?"

प्रश्न वावगा नाही. परंतु त्यातला निष्कर्ष घाईचा आहे. प्रथम वस्तुस्थिती पाहू.

मेंदूची मोठी धमनी गुठळीने बंद झाली की जांघेतील (क्वचित मनगटातील) धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि गुठळी बाहेर काढतात. यास थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. तिची साधने मुख्यतः दोन. पहिले स्टेंट रिट्रीव्हर, म्हणजे तारांची जाळीदार नळी. ती गुठळीत उघडतात, काही मिनिटे तशीच ठेवतात, गुठळी जाळीत रुतली की ओढून घेतात. दुसरे अ‍ॅस्पिरेशन कॅथेटर. ही रुंद तोंडाची मऊ नळी गुठळीला भिडवून पंपाने किंवा मोठ्या सिरिंजने शोषण करतात. एकत्रित पद्धतीत जाळी गुठळीत रुतलेली असतानाच शोषणनळी तिच्या तोंडाशी आणतात आणि दोन्ही मिळून मागे घेतात. हेतू असा की ओढताना गुठळीचा तुकडा निसटून पुढच्या शाखेत जाऊ नये, आणि पहिल्याच खेपेत वाट मोकळी व्हावी. खेपा वाढल्या की वेळ जातो, धमनीच्या भिंतीलाही इजा संभवते.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. सुश्रुतांनी १०१ यंत्रे सांगितली, त्यांत २० नाडीयंत्रे. आणि नाडीयंत्रांच्या प्रयोजनांत स्रोतसात अडकलेले शल्य काढणे व आचूषण ही दोन्ही नावे आहेत. शल्य काढण्याच्या १५ उपायांतही आचूषण आहे. वाचताना ऊर भरून येतो, हे आम्ही नाकारत नाही. मात्र एवढ्यावरून 'हे सारे आमचेच' म्हणणाऱ्यांत आम्हांस बसता येत नाही. मेंदूच्या धमनीत नळी नेणे सुश्रुतांनी सांगितलेले नाही. त्यांनी सांगितला तो विचार: अडलेले शल्य असेल तर ते काढा, आणि काढण्याजोगे यंत्र निवडा. तो विचार मानणाऱ्याने गुठळी तशीच ठेवून वर अभ्यंग करीत बसावे, हे मात्र सुश्रुतांना खचितच रुचले नसते.

आता मित्रांच्या प्रश्नाकडे. थ्रॉम्बेक्टमी उपयोगी आहे की नाही, हा वाद २०१५ साली संपला. त्या वर्षी पाच मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०१६ साली त्यांतील १२८७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. केवळ औषधोपचार झालेल्यांपैकी २६.५ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः वावरू शकत होते. गुठळी काढलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. एवढा फरक पाडणारे उपाय वैद्यकात, मग ते कोणतेही वैद्यक असो, फार थोडे आहेत. त्या काळी वापरलेले साधन मुख्यतः एकच होते, जाळीचे.

दोन्ही साधने एकत्र वापरल्याने आणखी किती लाभ होतो, हे पाहण्यासाठी फ्रान्समध्ये एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. रुग्ण ४०५. अखेरीस पूर्ण अथवा जवळजवळ पूर्ण रक्तप्रवाह सुरू झाला तो एकत्रित गटात ६४.५ टक्क्यांत, नुसत्या जाळीच्या गटात ५७.९ टक्क्यांत; आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. प्रारंभीच्या प्रयत्नांत एकत्रित पद्धत पुढे होती, परंतु जाळीने काम न झाल्यास पुढे इतर साधन वापरण्याची मुभा असल्याने शेवटी अंतर कमी झाले. तेव्हा साधने एक की दोन, हे त्या तज्ज्ञाने गुठळी, धमनी आणि खर्च पाहून ठरवावे. खर्चाचा उल्लेख मुद्दाम केला. ही साधने एकदाच वापरायची असतात आणि एकूण उपचार काही लाखांच्या घरात जातो. ऊसबिलावर वर्ष काढणाऱ्या घराला दुसरे साधन फुकट पडत नाही.

परंतु मित्रहो, त्या शस्त्रक्रियागृहातील सहा-सात टक्क्यांची चर्चा करणारे आपण, आपल्या दवाखान्यात किती टक्के घालवतो? धमनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. थ्रॉम्बेक्टमी प्रायः सहा तासांच्या आत करतात. निवडक रुग्णांत, विशेष स्कॅन पाहून, २४ तासांपर्यंत करता येते हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. 'चोवीस तास' हा आकडा ऐकून निश्चिंत होणारे काही व्यावसायिक आम्हांस भेटले आहेत. निवडक या शब्दाकडे त्यांचे लक्ष गेलेले नसते.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सात-आठ वर्षांपूर्वी, गळीत हंगामात, पन्नाशीचे एक शेतकरी सकाळी नऊच्या सुमारास आमच्याकडे आणले गेले. उजवा हात लुळा, तोंड वाकडे, बोली अडखळती. त्रास सुरू होऊन पाऊण तासही झाला नव्हता. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, मधातून बृहत् वातचिंतामणी चाटवला, स्नेहन-स्वेदन केले. दुपारी हात किंचित हलल्यासारखा वाटला आणि आम्ही नातेवाइकांना धीर दिला. तो धीर आम्ही स्वतःलाच देत होतो, हे पुढे कळले. संध्याकाळी त्यांची शुद्ध मंदावली, तेव्हा गाडी केली. मुदाळतिट्ट्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे ती अडकली. कोल्हापुरात डॉक्टरांनी एवढेच विचारले, "सकाळी का नाही आणले?" नातेवाइकांनी आमच्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा. ते गृहस्थ आज हयात आहेत. उजवा हात नाही, वाचा नाही. बाजारात भेटले की डाव्या हाताने नमस्कार करतात.

मधातून चाटवणेसुद्धा चूक होते. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, दिलेले औषध श्वासमार्गात जाते. तोंडावाटे काही नको, पाणीही नको. नस्यही नको. आपल्यापैकी जे अ‍ॅलोपॅथिक औषधे वापरतात त्यांना आणखी सांगावेसे वाटते की सी.टी. स्कॅनपूर्वी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण काही रुग्णांत गुठळी नसून रक्तस्राव असतो आणि नाडीवरून वा लक्षणांवरून तो भेद खात्रीने करता येत नाही. वाढलेला रक्तदाब जिभेखाली कॅप्सूल फोडून एकदम उतरवण्याचा जुना प्रघातही सोडावा. अडलेल्या भागाला उरलासुरला पुरवठा त्या दाबावरच चाललेला असतो.

काही बांधव म्हणतील, चरकांनी वातव्याधीत पक्षाघाताची चिकित्सा सांगितली आहे, तिचे काय? ती आहेच, आणि आम्ही ती रोज करतो. पण वाताचा प्रकोप धातुक्षयाने होतो तसा मार्गावरणानेही होतो, हेही चरकांनीच सांगितले. मार्ग अडलेला असेल तर तो मोकळा करणे आधी. स्नेहन, स्वेदन, विरेचन, बस्ती यांची वेळ रुग्ण स्थिर होऊन घरी आल्यावर येते. तेव्हा आपल्या हाताला खरोखर यश आहे, आणि महिनोन्महिने काम आहे. त्या काळात रुग्णाची रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात. ती आपल्या सल्ल्याने बंद होऊ नयेत, आणि लसणाचे वा गुग्गुळाचे कल्प देण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

औषधविक्रेत्या बांधवांना एक विनंती. 'वाऱ्याचं तेल' मागायला कोणी आला की 'कधीपासून?' हे विचारा. 'आज सकाळपासून' असे उत्तर आले तर तेल विकू नका, १०८ ला फोन लावा. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून नातेवाइकांच्या खिशात घाला; पुढे सर्वांत आधी तीच विचारतात. झोपेतून उठताना त्रास दिसला असेल तर रात्री झोपताना ठीक होते ती वेळ धरायची. सी.टी. आणि इंजेक्शनची सोय कोठे आहे, थ्रॉम्बेक्टमी रात्री-अपरात्री कोठे होते, हे प्रत्येकाने आपापल्या भागापुरते आजच फोन करून विचारून ठेवावे. थ्रॉम्बेक्टमी प्रत्येकाला लागू नसते, मोठी धमनी बंद असेल तरच. पण ते ठरवणे आपले काम नव्हे आणि दुकानदाराचे तर नव्हेच.

गेल्या हिवाळ्यात येथल्या एका औषधविक्रेत्यांनी असेच केले. महानारायण तेल मागायला आलेल्या मुलाला त्यांनी तेल दिले नाही, गाडी मागवून दिली. मुलगा रागावून गेला. स्कॅनमध्ये रक्तस्राव निघाला. म्हणजे जाळी नको, शोषणनळी नको, इंजेक्शनही नको, उपचार निराळेच. रुग्ण दीड महिन्याने घरी आला, आणि त्यानंतर तोच मुलगा पुन्हा दुकानात आला. त्या वेळी मात्र त्यांनी तेलाच्या दोन बाटल्या दिल्या.