स्लॅबला ग्राइंडर लावू नका

हुबळीच्या उणकलमध्ये घरांवर घरं चढत आहेत. शेजारी विद्यानगरात बी.व्ही.बी. कॉलेज, म्हणजे आताचं के.एल.ई. तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, मुलांना राहायला खोल्या हव्या आहेत आणि भाड्याचं उत्पन्न कोणाला नको असतं? वडिलांनी तळमजला बांधून पुढच्यासाठी सळया वर काढून ठेवलेल्या असतात, मुलगा त्यावर दोन मजले चढवतो. सळया सोडायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. खालून वर वीज कशी न्यायची, हे मात्र वरच्या भिंती उभ्या राहिल्यावर आठवतं. मग कोणीतरी खालच्या खोलीत स्टुलावर चढतो आणि ग्राइंडरने छताला झिरी मारायला लागतो.

तो ग्राइंडर थांबवा, एवढंच या आठवड्यात सांगायचं आहे.

भिंतीत झिरी मारायची आपल्याला सवय आहे, म्हणून स्लॅबमध्येही तेच चालेल असं वाटतं. तसं नाही. घरगुती स्लॅब साधारण पाच इंच जाडीचा. तो दोन आधारांमध्ये वाकतो तेव्हा ताण येतो खालच्या बाजूला, आणि तो ताण पेलणाऱ्या सळयाही तिथेच, अगदी पोटाशी असतात. त्यांच्याखाली काँक्रीटचं कव्हर किती? आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे घराच्या आत साधारण २० मिलिमीटर. आपण वापरतो तो पीव्हीसी पाईप २० नाहीतर २५ मिलिमीटरचा. म्हणजे सळई उघडी पाडल्याशिवाय तो तिथे बसूच शकत नाही. वरून प्लास्टर केलं की सगळं झाकलं जातं, पण ओल लागली की सळई गंजते, गंजून फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे खाली यायला लागतात. एखादी सळई कापली गेली असेल तर गोष्ट पोपड्यांवर थांबत नाही.

१९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि माणसं गेली. त्याचा वायरिंगशी संबंध नव्हता. पण तेव्हापासून इकडे घर बांधणारा निदान खांब, सळई, सिमेंट यांबद्दल चार प्रश्न विचारतो. स्लॅबमध्ये पाईप कुठून गेले आणि नंतर स्लॅब कोणी कापला, हेही त्याच काळजीने विचारायला हवं.

पाईप टाकायची खरी वेळ असते स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी. सेंट्रिंग झालेलं असतं, खालची जाळी बांधलेली असते. पाईप त्या जाळीच्या वर आणि वरच्या सळयांच्या खाली जायला हवा. अमेरिकी काँक्रीट संहितेतून आलेला एक सोपा नियम आहे: पाईपची जाडी स्लॅबच्या एक तृतीयांशाहून जास्त नको आणि दोन पाईपांच्या मध्यांत निदान तीन व्यासांचं अंतर हवं. पाच इंचांच्या स्लॅबला ही मर्यादा ४२ मिलिमीटरची होते. २५ चा एक पाईप सहज बसतो, पण एकावर एक आडवे गेलेले दोन पाईप ५० मिलिमीटर होतात. डीबीच्या, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीच्या, डोक्यावर तर सगळे पाईप जुडी बांधून उतरवलेले दिसतात. तिथे काँक्रीट शिरणार कुठून? ते पसरून उतरवायला सांगा.

आणि ओतायच्या दिवशी वायरमन जागेवर हवा. माणसं पाईपांवरून चालतात, व्हायब्रेटर लागतो, बेंडचा जोड निसटतो आणि सिमेंटचं पाणी आत जाऊन घट्ट होतं. सेंट्रिंग उतरल्यावर वायर ओढायची स्प्रिंग अडकते तेव्हा हे कळतं, आणि मग पुन्हा ग्राइंडरच बाहेर येतो. वायरमनचा हिशेब पॉइंटवर होतो, त्यामुळे दिवसभर उभं राहण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. ते वेगळे द्या. अख्ख्या स्लॅबच्या खर्चात एका माणसाची एका दिवसाची मजुरी काहीच नाही.

ज्यांचा स्लॅब आधीच झाला आहे आणि त्यात काही सोडलेलं नाही, त्यांनीही हताश होऊ नये. जिन्याजवळच्या भिंतीतून एक उभा पाईप वर न्या. वरच्या मजल्याचे पॉइंट तिथल्या फरशीखालच्या थरातून फिरवा, म्हणजे फरशी बसवायच्या आधी. खालच्या छतावर पंखा किंवा दिवा सरकवायचा असेल तर सरळ केसिंग पट्टी मारा. उघडी पट्टी दिसते म्हणून लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. या भागातल्या माळवदाच्या घरांत तुळयांवरून लाकडी पट्ट्या उघड्याच जात आणि कुठे काय बिघडलं ते एका नजरेत कळे. अगदीच नको असेल तर पीओपीचं छत आहे.

खालच्या खोलीच्या बोर्डातून वरच्या मजल्याला वीज देणं हा दुसरा धोका. चार खोल्यांत दोन-दोन किलोवॉटचे गिझर धरले तर एकेकाला जवळजवळ ९ अँपिअर लागतात, आणि सकाळी चारही एकदम चालू होतात. म्हणजे ३५ अँपिअर, पंखे-इस्त्री वेगळे. वरच्या मजल्याला मीटरपासून स्वतंत्र लाईन, स्वतंत्र डीबी, अर्थिंगची तार आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. हेस्कॉम या वीज कंपनीकडून लोड वाढवून घ्या. मीटरच्या पुढची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि वर झोपलेली मुलं दुसऱ्या कोणाची तरी आहेत.

सगळ्यात वरच्या स्लॅबचं एक वेगळं दुखणं आहे. गच्चीला भेग असेल तर पावसाचं पाणी पाईपात शिरतं आणि थेट फॅन बॉक्समधून ठिबकतं. भेग एकीकडे, थेंब दुसरीकडे. अशा वेळी पाईप कुठून गेला आहे हे माहीत नसेल तर माणूस आंधळेपणाने गच्ची खणत सुटतो. म्हणून काँक्रीट ओतायच्या आधी, दोन भिंतींपासून टेप धरून प्रत्येक खोलीतल्या पाईपांचे मोबाईलवर फोटो काढा, त्यांच्या प्रती घराच्या कागदपत्रांत ठेवा आणि एक डीबीच्या दाराला आतून चिकटवा. एसी बसवणारा ड्रिल घेऊन आला की आधी ती दाखवा.