पहिलं पान नेमकं कुणासाठी लिहिलंय?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. कुठल्याही स्टेशनबाहेर उभे राहा आणि मान वर करा. मोबाईलच्या दुकानांच्या डोक्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर एक तरी फलक दिसेलच : 'फुल स्टॅक डेव्हलपर व्हा. नोकरीची हमी.' फी विचारायला गेलात तर आधी तुमचा नंबर लिहून घेतात, मग हप्ते सांगतात.

या क्लासांचा विषय काढला की लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. "अहो, हे सगळं इंटरनेटवर फुकट आहे ना? मग पोरं हजारो रुपये कशाला भरतात?"

प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात कुणी बी.एस्सी. आयटी, बीसीए किंवा डिप्लोमा करतंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सगळं फुकट आहे हे खरं. पण त्यातलं पहिलं पान खऱ्या नवख्याला समोर ठेवून लिहिलेलं नाही. त्या पानावर जो अडखळतो तो क्लासचं गिऱ्हाईक होतो. आणि हे पान दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही, तरी आपण करत नाही. राग त्याचा आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वेबसाइट बनवताना लॉगिन, फॉर्म, डेटाबेस या गोष्टी दरवेळी लागतात. प्रत्येकाने त्या पहिल्यापासून बांधत बसू नये म्हणून जो तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. नळ आणि वीज आधीच आलेली खोली समजा, संसार तेवढा तुम्ही मांडायचा. आणि खोली कशी वापरायची हे सांगणारं पुस्तक म्हणजे डॉक्युमेंटेशन.

मी उदाहरण घेतोय जँगोचं. इंग्रजीत लिहिताना आधी डी असतो, तो उच्चारायचा नाही. जँगो निवडण्यामागे माझा पत्रकाराचा स्वार्थ आहे. हा सांगाडा कुठल्या मोठ्या आयटी कंपनीत जन्मलेला नाही. तो जन्मला एका वर्तमानपत्रात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं लाखाच्या आतबाहेर वस्तीचं गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक पेपरच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये हे काम सुरू केलं. बातमीदार दुपारी काही मागणार आणि ते संध्याकाळपर्यंत साइटवर दिसायला हवं, अशी तिथली घाई. त्या घाईतून हा सांगाडा तयार झाला आणि जुलै २००५ मध्ये सगळ्या जगाला मोफत मिळाला. होलोव्हाटी यांचं शिक्षणही पत्रकारितेचं. स्थानिक पेपरवाल्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

जँगो घेण्याचं दुसरं कारण म्हणजे त्याचं डॉक्युमेंटेशन या क्षेत्रात चांगल्यातलं समजलं जातं. ते वाईट आहे असं मी म्हणतच नाही. शिकण्याचा धडा वेगळा, एखादं काम कसं करायचं ते वेगळं, विषय समजावणारी पानं वेगळी आणि संदर्भाची पानं वेगळी, अशी नीट विभागणी त्यात आहे. चांगल्याची ही गत असेल तर बाकीच्यांचं काय, एवढाच माझा मुद्दा.

मध्यंतरी मी ओळखीतल्या एका मुलाशेजारी तास-दीड तास बसलो. मराठी शाळेतून आलेला, आता बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला, जुना विंडोजचा लॅपटॉप. मी काही बोलायचं नाही, फक्त तो कुठे थांबतो ते वहीत लिहायचं, असं ठरवलं होतं. त्या नोंदी अशा :

एक. आज्ञा जशी छापलीय तशी टाईप कर, असं त्याला सांगितलेलं. मॅक-लिनक्सच्या आज्ञेआधी डॉलरचं चिन्ह छापलेलं असतं, विंडोजच्या आज्ञेआधी तीन टिंबं, तिरकी रेघ आणि बाण. पोराने डॉलरसकट टाईप केलं. एरर. ते चिन्ह म्हणजे 'इथून पुढे लिहा' अशी नुसती खूण असते, ते लिहायचं नसतं. हे जाणकाराला इतकं अंगवळणी पडलंय की सांगावंसंही वाटत नाही.

दोन. प्रत्येक प्रकल्पासाठी पायथनची वेगळी खोली करतात, तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. ती चालू करायला गेला तर विंडोजने तांबड्या अक्षरांत बजावलं की या मशीनवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. पोराला वाटलं, लॅपटॉपला व्हायरस लागला. ती विंडोजच्या पॉवरशेलची मुळातली सुरक्षा सेटिंग आहे, हजारो जणांना तोच दगड लागतो.

तीन. सर्व्हर चालू केला. चालूही झाला. पण त्या काळ्या खिडकीत पुन्हा लिहिता येईना. 'हँग झालं' म्हणून त्याने खिडकी बंद केली आणि साइट गेली. सर्व्हर चालू असेपर्यंत ती खिडकी अडलेलीच राहणार, पुढच्या आज्ञेसाठी दुसरी उघडायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चार. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "दादा, काल चालत होतं, आज म्हणतंय जँगो नावाचं मॉड्यूलच नाही." आदल्या दिवशीची खोली पुन्हा उघडायची राहिली होती, एवढंच. त्याने मात्र सगळं पुसून नव्याने टाकलं. दोन तास आणि दिवसाचा डेटा पॅक गेला.

या चारही ठिकाणी पोराची अक्कल कमी पडलेली नाही. प्रत्येक ठिकाणी एक वाक्य कमी पडलंय. आणि असं एक वाक्य काय करू शकतं हे जँगोच्याच धड्यात दिसतं. पहिल्यांदा सर्व्हर चालू केला की डेटाबेसचे काही बदल लागू व्हायचे बाकी आहेत, असा इशारा येतो. धडा तिथल्या तिथे सांगतो : सध्या याकडे दुर्लक्ष करा, पुढे बघू. वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मग बाकीच्या चार जागी हे का नको?

कारण लिहिणारा माहीतगार, तपासणाराही माहीतगार. आमच्या धंद्यात बातमीदाराची कॉपी थेट छापत नाहीत. मध्ये उपसंपादक असतो, आणि बिल्डिंगच्या एफएसआयची बातमी आली की तो विचारतो, "हे कांजूरमार्गच्या आजींना कळेल का?" डॉक्युमेंटेशनला असा खवट उपसंपादक हवा. ज्याला काही येत नाही असा माणूस ते पान घेऊन बसला पाहिजे आणि तो जिथे थांबला ती ओळ बदलली पाहिजे.

ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही. आपल्या उशाशी, पवईला, आयआयटी मुंबईत ती राबवली गेलीय. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प बघा. लिनक्स, पीएचपी अशा विषयांवर साधारण दहा मिनिटांचे धडे. एका खिडकीत धडा, शेजारच्या खिडकीत तुमचं काम. संहिता विषयतज्ज्ञ तपासतोच, पण रेकॉर्डिंगआधी 'नोव्हिस चेक' होतो, म्हणजे नवख्या माणसाकडून ती करून बघितली जाते. धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत. घाटकोपरहून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ हा धडा गिरवला गेला, आणि आपल्या उपनगरांतल्या किती कॉलेजांनी तो उचलला?

आता भाषेकडे येतो.

जँगोचं डॉक्युमेंटेशन जपानी, कोरियन, इंडोनेशियन, पोलिश, ग्रीक, स्वीडिश अशा भाषांत वाचता येतं. त्या यादीत भारतीय भाषा एकही नाही. स्वीडनची लोकसंख्या एक कोटीच्या घरात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. स्वीडनच्या पोरांचं इंग्रजी आपल्यापेक्षा कच्चं आहे म्हणून त्यांनी भाषांतर केलं, असं कुणाचं म्हणणं असेल तर त्याला दंडवत.

दार बंद आहे असंही नाही. जँगोचे बटणांवरचे आणि फॉर्ममधले शब्द मराठीत आहेतच, कुणीतरी बसून ते केलंय. डॉक्युमेंटेशनचं भाषांतरही ट्रान्सिफेक्स या साइटवर स्वयंसेवक करतात. टेंडर नाही, साहेबाची सही नाही, खेटे नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. चारही उपनगरांत फलक लागले, पेढे वाटले, मीही खाल्ले. दर २७ फेब्रुवारीला गौरव दिन होतो, ग्रंथदिंडी निघते. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून आंदोलनं झाली, ती व्हायलाच हवी होती. पण पाटी मराठी आणि आतलं सगळं शिक्षण इंग्रजी, यावर कुणाला संताप का येत नाही? ज्या भाषेत पोटापाण्याचं शिकता येत नाही ती भाषा पोरं घरी ठेवून कामाला निघतात.

लगेच तीन आक्षेप येतील.

पहिला : "शेवटी इंग्रजी शिकावंच लागतं." शिकावंच लागतं, मान्य. पण पोहायला शिकवताना पोराला पहिल्याच दिवशी वीटभर ओझं बांधून पाण्यात ढकलत नाहीत. पहिले दहा धडे मराठीत झाले, पाय टेकला, की तोच मुलगा इंग्रजी संदर्भ उघडतो, कारण आता काय शोधायचं ते त्याला कळलेलं असतं.

दुसरा : "यूट्यूबवर मराठी व्हिडिओ आहेत की." आहेत, आणि ते बनवणाऱ्यांचे आभार. पण जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते. पत्ता कुठल्या पानाकडे न्यायचा हे सांगायची जुनी पद्धत २०१७ च्या अखेरीस बदलली आणि २०२१ च्या अखेरीस ४.० मध्ये जुनी आज्ञा काढूनच टाकली. जुना व्हिडिओ मात्र आजही तीच आज्ञा शिकवतोय. पानावरची ओळ पाच मिनिटांत दुरुस्त होते, व्हिडिओ पुन्हा करावा लागतो.

तिसरा : "आता एआय मराठीत सांगतो." सांगतो. पण त्याला विचारावं लागतं, आणि नवख्याची मुख्य अडचण हीच की काय विचारायचं ते त्याला माहीत नसतं. शिवाय ही यंत्रं लिहिलेल्या मजकुरावरच शिकतात. आपण लिहिलंच नाही तर ती कुठलं मराठी शिकणार?

एक विनंती मराठीच्या सोवळ्या कैवाऱ्यांनाही. फाईल, फोल्डर, सर्व्हर, एरर हे शब्द असू द्या. चेंबूरचं पोर 'फोल्डर उघड' म्हणतं, त्याला 'धारिकासंच' द्याल तर ते इंग्रजी पानाकडेच पळेल. भाषांतराचं काम क्रियापदांत आणि खुलाशात आहे : हे का करायचं, आता पडद्यावर काय दिसेल, वेगळं दिसलं तर काय करायचं.

मग मागणी काय?

कॉलेजांनी शेवटच्या वर्षाला तेच ते 'लायब्ररी मॅनेजमेंट'चं प्रोजेक्ट घेण्यापेक्षा दोन गटांना एकेका फ्रेमवर्कचा 'पहिला तास' मराठीत लिहायला द्यावा. मार्क पहिल्या वर्षाच्या मुलाने द्यायचे. त्याला पान वाचून जमलं तर पास.

सीप्झ, पवई, मालाडच्या ऑफिसांत काम करणाऱ्या मराठी मंडळींनी महिन्याला एक पान घ्यावं. आणि मूळ इंग्रजी धड्यात जे वाक्य कमी आहे ते तिथेही सुचवावं. अशा दुरुस्त्या जँगोवाले बाहेरच्यांकडूनही घेतात. भलं झालं तर लागोसच्या पोराचंही होईल.

मराठी भाषा विभागाने आणि गौरव दिनाचे मांडव घालणाऱ्या मंडळांनी एका मांडवाचा खर्च या कामाला द्यावा, आणि ज्यांनी पानं लिहिली त्यांना मंचावर बोलवावं.

माझ्याकडून जे होईल ते मी करतोय. तुमच्या घरातलं पोर कोडिंग शिकताना कुठल्या ओळीवर अडलं, ती ओळ आणि पडद्यावर आलेला संदेश मला जसाच्या तसा पाठवा. नाव-गाव नको. त्या सगळ्या ओळी एकत्र करून साध्या मराठीत खुलाशासह इथेच टाकणार, कुणीही उचला, कुठेही छापा. वरच्या चारपासून सुरुवात झालीच आहे. पाचवी कुणाची?