‘घरात शुगर नाही’, पण थायरॉइड?

मुलाला टाइप १ मधुमेह झाल्याचे कळले की केसपेपरवर पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न येतोच : ‘‘घरात कुणाला शुगर आहे का?’’ उत्तरेही ठरलेली असतात. ‘‘आजोबांना आहे ना, साठीनंतर झाली,’’ किंवा ‘‘नाही हो डॉक्टर, आमच्या दोन्ही घरांत कुणालाच नाही.’’ पहिल्या उत्तरापुढे ‘हो’ लिहिले जाते, दुसऱ्यापुढे ‘नाही’, आणि पान उलटते. माझे म्हणणे असे की ही दोन्ही उत्तरे जवळपास निरुपयोगी आहेत, कारण प्रश्नच अपुरा आहे.

आजोबांची शुगर बहुधा टाइप २ ची असते. त्यात शरीर इन्सुलिन तयार करते, पण ते नीट लागू पडत नाही; वय, वजन, बैठे काम यांचा त्यात मोठा वाटा. नातवाचा आजार नाव सोडले तर निराळाच. त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी त्याच्याच प्रतिकारशक्तीने परक्या समजून मारून टाकल्या आहेत. घरचे राखणदार घरच्याच माणसावर धावून जावेत, तसा हा प्रकार. अशा आजारांना ऑटोइम्यून म्हणजे स्वयंप्रतिकारक आजार म्हणतात. त्यामुळे घराण्यात शोधायचे ते साखरेला नव्हे, तर राखणदारांच्या या चुकीला. आणि ही चूक प्रत्येकाच्या शरीरात एकाच अवयवावर होत नाही. एकात स्वादुपिंडावर, दुसऱ्यात थायरॉइडवर, तिसऱ्यात त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर.

हे नाते वैद्यकशास्त्राला कळले तेही थायरॉइडच्या वाटेने. १९१२ मध्ये हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने थायरॉइडच्या एका आजाराचे वर्णन केले. त्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे असतात, हे लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवले. पुढे १९७४ मध्ये याच डोनियाक आणि त्यांचे इटालियन सहकारी बोतात्सो यांना स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीपुंजांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. कुणाच्या रक्तात? ज्यांना मधुमेहाबरोबर इतर ग्रंथींचेही ऑटोइम्यून आजार होते, त्यांच्या. म्हणजे टाइप १ मधुमेह ऑटोइम्यून असल्याचा हा मोठा पुरावाच मुळी ‘सोबतच्या आजारां’मुळे हाती आला. पन्नास वर्षे उलटली, तरी आपला केसपेपर अजून एकट्या शुगरचीच चौकशी करतो.

टाइप १ चे निदान झालेल्या शंभर मुलांपैकी पंच्याऐंशी ते नव्वद मुलांच्या आईवडिलांत किंवा भावंडांत कुणालाच टाइप १ नसतो. म्हणून ‘घरात कुणाला नाही, मग याला कसा होईल?’ हा युक्तिवाद धोक्याचा आहे; त्यापायी तहान, वारंवार लघवी, खंगत जाणे याकडे आठवडाभर दुर्लक्ष होते आणि मूल थेट अतिदक्षता विभागात पोहोचते. पण त्याच घरात थायरॉइड, कोड, आमवात, सिलियाक यांची विचारपूस केली की चित्र बरेचदा बदलते. आई पर्समधली छोटी बाटली काढते. ‘‘ही? ही काय, थायरॉइडची. सगळ्यांनाच असते.’’ मग मावशीची आठवण निघते, तिलाही तीच गोळी. आत्याच्या हातावरच्या पांढऱ्या डागांचा विषय सुरू होतो आणि कुणीतरी घसा खाकरतो.

तो खाकरणेही समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे कोड हा आजार कमी आणि स्थळाला नकार देण्याचे कारण जास्त. पूर्ण बाह्यांचे ब्लाउज, लग्नाच्या फोटोत ठरावीक बाजूने उभे राहणे, ‘भाजल्याचा डाग आहे’ ही पिढ्यानपिढ्या चालत आलेली सबब. मुलींच्या थायरॉइडच्या गोळ्याही लग्न ठरेपर्यंत कपाटात असतात. जी गोष्ट व्याह्यांना सांगितली नाही ती सासू-सासऱ्यांसमोर डॉक्टरांना कशी सांगणार? म्हणून ही चौकशी गर्दीतल्या टेबलावर नव्हे, आईवडिलांना वेगवेगळे बसवून आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत पुन्हा करावी, असे माझे मत आहे. पहिल्या दिवशी त्यांचे डोके इन्सुलिनच्या इंजेक्शनातच अडकलेले असते.

उलट सगळेच पदरात घ्यायचे नाही. आजीचे गुडघे दुखतात तो बहुधा झिजेचा भाग. हाताच्या बोटांचे सांधे सकाळी सुजून तासभर ताठर राहत असतील तर तो आमवात, आणि तो लिहून ठेवायचा. आपल्याकडची बी-१२ ची कमतरता बहुतेक वेळा आहारातून येते, तिला या यादीत जागा नाही. थायरॉइडचे मात्र उलटे आहे. आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोहोचल्यावर प्रौढ वयात मंदावलेल्या थायरॉइडमागे बहुतांशी हाशिमोटोचाच आजार असतो. ‘सगळ्यांनाच असते’ म्हणून तो सोडून देता येत नाही.

हे सगळे आईकडूनच आले, असा निष्कर्ष घरात फार लवकर निघतो. ‘तिच्या माहेरचे आहे हे.’ इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक, ऑटोइम्यून थायरॉइड पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतो. तेव्हा मुलाच्या फाइलमध्ये आई, मावशी, आजी यांची नावे जास्त दिसणारच. तीच जनुके बाळगणारे वडील आणि मामा आजाराशिवाय राहतात, म्हणून ते कागदावर दिसत नाहीत, इतकेच. दुसरी गोष्ट अनेकांना चकित करते. आईला टाइप १ असेल तर तिच्या मुलांत तो होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन-तीन; वडिलांना असेल तर ती सहाच्या आसपास. (हे आकडे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांचे आहेत.) एकाच जनुकसंचाच्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. वारशाने येते ती प्रवृत्ती. सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुके तिचा मोठा हिस्सा ठरवतात आणि त्यातली काही जनुके टाइप १ आणि सिलियाक या दोघांनाही सामाईक आहेत. ठिणगी नेमकी कुठून पडते ते अजून पक्के ठाऊक नाही. सुनेच्या माहेरून पडत नाही एवढे नक्की.

मग ही वंशावळ विचारून करायचे काय? मुलाच्या पुढच्या तपासण्या ठरवायच्या. टाइप १ असलेल्या सुमारे चारांपैकी एका मुलाच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे सापडतात. सिलियाक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तरावर होणारा हल्ला, शंभरात पाचच्या आसपास. उत्तर भारतात त्याहून अधिक. ज्वारी-भाताच्या मुलखात तो कमी मानला गेला, पण आता आपल्या डब्यातही रोज पोळीच असते. यातला अवघड भाग असा की हे आजार आपल्या नावाने येत नाहीत, मधुमेहाच्या वेषात येतात. थायरॉइड मंदावला की उंची वाढत नाही आणि साखर खाली जाऊ लागते. सिलियाकमध्ये अन्न नीट शोषले जात नाही, म्हणून मोजून दिलेले इन्सुलिन कधी जास्त ठरते आणि मूल शाळेत घामाघूम होऊन पडते. अनेकदा पोटाची एकही तक्रार नसते. अॅड्रिनल ग्रंथीवरचा हल्ला, अॅडिसनचा आजार, फार विरळा. पण त्यातही पहिली खूण म्हणजे इन्सुलिनची गरज अकारण कमी होत जाणे. घरचे खूश होतात की शुगर सुधारतेय! बहुतेक वेळा बोलणी मात्र मुलाला बसतात : तू चोरून काही खातोस, वेळेवर जेवत नाहीस.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की टाइप १ च्या प्रत्येक मुलाची थायरॉइड आणि सिलियाकसाठी निदानानंतर लवकर तपासणी व्हावी आणि ठरावीक अंतराने पुन्हा व्हावी. सख्ख्या नात्यात सिलियाक असेल तर अधिक वेळा. वंशावळीचा थेट उपयोग इथे आहे. दोन व्यवहारी सूचना. मूल अत्यवस्थ असताना केलेली टीएसएच फसवी येऊ शकते, साखर स्थिरावल्यावर ती करावी. आणि सिलियाकच्या रक्ततपासणीआधी गहू बंद करू नये. नातेवाइकांच्या सल्ल्याने ‘ग्लुटेन-फ्री’ सुरू केले की प्रतिपिंडे उतरतात आणि चाचणी निर्दोष येते, आजार मात्र जागेवर असतो. खर्चाचा मुद्दा खरा आहे. थायरॉइड आणि सिलियाक या दोन्ही तपासण्या सरकारी रुग्णालयांत टाइप १ च्या मुलांना विनामूल्य मिळाव्यात, ही मागणी अवास्तव नाही. इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनच्या २०२१ च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालील अशी सव्वादोन लाखांहून अधिक मुले एकट्या भारतात आहेत.

माहिती उलट दिशेनेही वाहते, हे आपण विसरतो. लेकाचे निदान ही आईसाठीही बातमी असते. वर्षभर थकवा, केस गळणे, पाळीच्या तक्रारी ‘धावपळीमुळे’ म्हणून ढकलणाऱ्या बाईची टीएसएच मुलाच्या निमित्ताने होते आणि ती वाढलेली निघते.

राहता राहिला धाकट्या भावंडाचा प्रश्न. तो दाराशी उभे राहून, निघता निघता विचारला जातो : ‘‘हिची पण तपासणी करायची का?’’ भावंडाला टाइप १ होण्याची शक्यता शंभरात पाच-सहा, म्हणजे चौऱ्याण्णव-पंच्याण्णव जणांना तो होत नाही. प्रतिपिंडांची चाचणी मोठ्या प्रयोगशाळांत होते आणि तिचे उत्तर पोकळ नसते : दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे सापडलेल्या मुलांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह झाला, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. ज्यांना ते उत्तर पचवून नियमित पाठपुरावा ठेवता येईल त्यांनी चाचणी जरूर करावी. इतरांवर मी ती लादणार नाही. ग्लुकोमीटर मात्र आता घरात आहेच. धाकटी रात्री दोन-तीनदा पाण्यासाठी उठू लागली, सुटलेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले, तर ‘उन्हाळा आहे’ म्हणू नये. दादाच्याच यंत्रावर, हात धुऊन, नवी सुई वापरून तिची साखर बघावी, आणि आकडा दोनशेच्या पुढे असेल तर सकाळपर्यंत न थांबता रुग्णालय गाठावे.