मॅस्टोडॉनवर गेलेली माणसं परत का येतात? पहिल्या दिवसाची अडचण आणि मालकीचा प्रश्न

'एक्स' म्हणजे आधीचं ट्विटर. तिथं कुणाचं खातं बंद झालं किंवा मालकानं नियम बदलले, की 'चला, आता मॅस्टोडॉनवर जाऊ' अशी हाक हमखास ऐकू येते. कधी काही हजार, कधी काही लाख माणसं तिकडं जातात. खातं उघडतात, दोन-चार पोस्ट टाकतात आणि त्यातली बरीचशी थोड्याच दिवसांत गुपचूप परत येतात.

आपल्या तालुक्यांना याचं काय, असं कुणीही विचारेल. आपलं सगळं व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर भागतं. पण जरा विचार करा. कांद्याचा भाव, ग्रामसभेची सूचना, बिबट्या दिसल्याची खबर, बचत गटाच्या मसाल्यांची जाहिरात, रस्त्याच्या खड्ड्याचा फोटो हे सगळं आता मोबाइलवरच फिरतं. ज्या जागेवर ते फिरतं ती जागा कुणाची आहे? उद्या तिला कुलूप लागलं तर आपल्या हातात काय उरेल? मॅस्टोडॉनवर नव्यानं जाणाऱ्यांचा अनुभव या प्रश्नाशीच येऊन थांबतो.

हे मॅस्टोडॉन आहे तरी काय?

जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुण प्रोग्रामरनं २०१६ मध्ये हे सुरू केलं. हत्तीच्या कुळातल्या, आता नामशेष झालेल्या एका प्राण्याचं नाव त्याला दिलं. दिसायला ते ट्विटरसारखंच आहे. छोट्या पोस्ट लिहायच्या, दुसऱ्यांना फॉलो करायचं. एका पोस्टला साधारण ५०० अक्षरांची मर्यादा.

फरक आहे तो आतल्या रचनेत. फेसबुक एका कंपनीचं, एक्स एका मालकाचं. मॅस्टोडॉनचा असा एक मालक नाही. जगभरात त्याचे हजारो वेगवेगळे सर्व्हर आहेत. कुठं एखादी संस्था, कुठं विद्यापीठ, कुठं चार मित्र मिळून आपापला सर्व्हर चालवतात. प्रत्येकाचे नियम वेगळे, ॲडमिन वेगळा. तरीही एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो. जीमेलवरून रेडिफमेलवर ईमेल जातो ना, तसंच. सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम 'ॲक्टिव्हिटीपब' नावानं ठरलेले आहेत आणि वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २०१८ मध्ये त्यांना मान्यता दिली आहे.

पहिल्या दिवशी काय होतं?

नवा माणूस आत जायच्या आधीच अडतो. 'सर्व्हर निवडा' असं त्याला विचारलं जातं. आजवर कुठल्याही ॲपनं हे विचारलेलं नसतं. कुठला निवडायचा? चुकीचा निवडला तर? ही पहिली धास्ती. ती एवढी मोठी ठरली की २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या अधिकृत ॲपनं थेट त्यांच्या मोठ्या सर्व्हरवर खातं उघडायचा सोपा पर्याय पुढं ठेवला.

आत गेल्यावर दुसरा धक्का. पान रिकामं! फेसबुक उघडलं की लगेच व्हिडिओ, ओळखीची माणसं, जाहिराती अंगावर येतात. तुम्हाला काय आवडेल याचा हिशेब ते यंत्र करत असतं. मॅस्टोडॉनच्या मुख्य पानावर हे यंत्र नाही. तुम्ही ज्यांना फॉलो कराल त्यांच्याच पोस्ट, त्याही वेळेच्या क्रमानं. कुणाला फॉलोच केलं नसेल तर पान कोरं राहणार.

तिसरी अडचण शोधण्याची. पूर्वी तिथं हॅशटॅग लावलेल्या पोस्टच नीट सापडायच्या. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पोस्टमधला मजकूर शोधायची सोय आली, पण तीही ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांच्याच पोस्टपुरती. दुसऱ्याची पोस्ट आपल्या शेऱ्यासकट पुढं पाठवायची सोय तर २०२५ मध्ये आली. ती आधी नव्हती, कारण अशा शेऱ्यांतून माणसांची टर उडवली जाते, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे नवखा माणूस ज्याला 'त्रुटी' म्हणतो, त्यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवलेल्या आहेत. जाहिरात नाही, भडकवणारी पोस्ट वर ढकलणारं यंत्र नाही. पण हे कळायला वेळ लागतो आणि पहिल्या दिवशी एवढा वेळ कुणी देत नाही.

भारतीयांची लाट आणि जातीचा प्रश्न

आपल्या देशातून पहिली मोठी लाट २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद करण्यात आलं होतं. त्यांनी लावलेला एक जुना फोटो जर्मनीतला होता. सगळी गर्दी नाझी सलाम ठोकत असताना हात बांधून उभ्या राहिलेल्या माणसाचा. त्यानंतर एका हिंदी कवितेच्या पोस्टवरून खातं पुन्हा बंद झालं. द्वेष पसरवणारी खाती मोकळी आणि हे खातं बंद, असा संताप उसळला. दलित आणि बहुजन कार्यकर्ते ट्विटरवर जातीय शिवीगाळीच्या तक्रारी आधीपासून करतच होते. हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर गेले.

तिथं गेल्यावर त्यांनी काय पाहिलं? वागण्याचे नियम स्पष्ट लिहिलेले होते. ॲडमिन माणूस होता, त्याला थेट विचारता येत होतं. पण युरोपातल्या ॲडमिनला मराठी किंवा हिंदीतली जातीवाचक शिवी कळणार कशी? विकेंद्रित असलं तरी भाषा आणि समाज जाणणारा माणूस तिथं बसलेला नसेल तर नियम कागदावरच राहतो. आज मॅस्टोडॉनच्या सर्वांत मोठ्या सर्व्हरच्या नियमांत वंशभेदासोबत जातिभेदालाही नावानिशी मनाई आहे. चांगलं आहे. पण तो नियम मराठीत राबवायला मराठी माणूसच लागेल.

२५ लाख आले, किती टिकले?

दुसरी लाट सगळ्या जगाची होती. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर ताब्यात घेतलं. त्याआधी मॅस्टोडॉन महिन्यातून एकदा तरी वापरणारे सुमारे ३ लाख होते. नोव्हेंबरअखेर ते २५ लाखांवर गेले. हौशी माणसांनी चालवलेले सर्व्हर या गर्दीनं हाफायला लागले. हॅकीडर्म नावाचा सर्व्हर तर एका घराच्या तळघरातल्या यंत्रांवर चालत होता. त्याचे सदस्य ७०० वरून ३० हजारांवर गेले आणि शेवटी सगळा पसारा तळघरातून बाहेर हलवावा लागला.

पुढं ओहोटी लागली. २०२३ च्या सुरुवातीला सक्रिय वापरणारे साधारण १४ लाखांवर आले. याच्या उलट चित्र बघा. जुलै २०२३ मध्ये मेटा कंपनीनं 'थ्रेड्स' आणलं. इन्स्टाग्रामच्याच खात्यानं आत जाता येत असल्यानं पाच दिवसांत १० कोटी लोकांनी नाव नोंदवलं. ब्लूस्काय हेही विकेंद्रित व्हायचं म्हणून सुरू झालेलं. पण तिथं सर्व्हर निवडायची डोकेदुखी पुढ्यात येत नाही, बहुतेक जण कंपनीच्याच सर्व्हरवर जातात. अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यानं २ कोटींचा टप्पा ओलांडला.

यावरून 'सोपं असेल तेच चालतं' असं म्हणता येईल. ते खरं आहे, पण अर्धं. आपल्याकडं साठी ओलांडलेली माणसंही मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकली. कारण समोरचा दुकानदार, मुलगा, जावई सगळे त्यावर होते. माणूस अवघड गोष्टही शिकतो, पलीकडं त्याचं कुणी असेल तर. मॅस्टोडॉनवर पाऊल ठेवणाऱ्याला पलीकडं ओळखीचं कुणी दिसत नाही. आठवड्याचा बाजार ज्या गावात भरतो तिथंच सगळे जातात. शेजारच्या गावात जागा ऐसपैस आहे, पट्टीही नाही, म्हणून एकटा व्यापारी तिथं पाल टाकून बसत नाही. माणसं परत आली त्याचं मोठं कारण हे.

मग जुनंच बरं का?

इथं आपला अनुभव आठवा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. देशात ते वापरणारे २० कोटींच्या घरात होते. शेतात, गोठ्यात, यष्टी स्टँडवर व्हिडिओ करून नाव मिळवलेली आपल्या खेड्यापाड्यांतली पोरं-पोरी त्यात होती. बंदीच्या कारणांबद्दल मतं वेगळी असतील. पण एका रात्रीत त्यांचे प्रेक्षक गेले, ही गोष्ट खरी. ते प्रेक्षक सोबत घेऊन दुसरीकडं जायची सोयच नव्हती.

'कू'चं वेगळं झालं. भारतीय भाषांसाठी निघालेलं ॲप, मराठीही त्यात होती. मंत्री, खाती, अधिकारी गाजावाजा करून तिथं गेले. जुलै २०२४ मध्ये पैशाअभावी ते बंद करत असल्याचं संस्थापकांनी जाहीर केलं. एकीकडं सरकारी आदेश, दुसरीकडं कंपनीची रिकामी तिजोरी. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं फळ एकच: घर दुसऱ्याचं होतं, ते गेलं.

मॅस्टोडॉनचं खरं वेगळेपण इथं दिसतं. तिथला सर्व्हर आवडला नाही तर दुसऱ्या सर्व्हरवर खातं हलवता येतं आणि तुमचे फॉलोअरही सोबत येतात. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ मध्ये देशभर आली, तेव्हा कंपन्यांना गिऱ्हाइकाची किंमत कळली होती. हे त्याच जातीचं आहे. फक्त इथं पत्ता बदलतो आणि माणसं टिकतात.

भाबडेपणा नको

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. खातं हलवलं तरी जुन्या पोस्ट नव्या ठिकाणी येत नाहीत. हलवायचं तर जुना सर्व्हर चालू असावा लागतो. ॲडमिननं न सांगता बंद केला तर हात चोळत बसायचं. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हर बंद करण्याआधी तीन महिने सूचना द्यावी लागते, पण यादीबाहेरच्यांना हे बंधन नाही. खासगी संदेश व्हॉट्सॲपसारखे कुलूपबंद नसतात, ॲडमिनला ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येऊ शकतात. आधार नंबर, बँकेचा तपशील तिथं पाठवू नये.

आणि कायदा आहेच. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर जादा जबाबदाऱ्या आहेत. पण लहान सर्व्हर चालवणाराही पूर्ण सुटत नाही. तक्रार अधिकारी नेमणं, आक्षेपार्ह मजकुराची दखल घेणं त्यालाही आहे. चार पोरांनी हौसेनं सर्व्हर काढला आणि पुढं पोलिसांची नोटीस आली, तर निस्तरणार कोण?

सहकाराला ओळखीची गोष्ट

ब्रिटन-अमेरिकेतल्या काही मंडळींनी 'सोशल डॉट कोऑप' नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर सहकारी तत्त्वावर चालवला आहे. सदस्य वर्गणी देतात, नियम मतदानानं ठरवतात, देखरेखीची कामं वाटून घेतात. हे वाचून आपल्याकडच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. दूध संस्था, पतसंस्था, सोसायटी याच पायावर उभ्या राहिल्या. त्या कुठं बिघडल्या तेही आपल्याला माहीत आहे: सभासद सभेला जायचे थांबले आणि दोन-चार घरांच्या हातात कारभार गेला. सर्व्हरचंही तसंच होईल. मालक नाही म्हणजे काम नाही असं होत नाही, उलट काम सगळ्यांच्या वाट्याला येतं.

तेव्हा लगेच सगळ्यांनी मॅस्टोडॉनवर जावं, असं सांगण्यात अर्थ नाही. आज तिथं आपला बाजार भरत नाही. पण एखाद्या महाविद्यालयानं, शेतकरी उत्पादक कंपनीनं किंवा तालुक्यातल्या पत्रकारांनी मिळून प्रयोग करायचा ठरवला, तर एकेकट्यानं जाऊ नये. वीस-पंचवीस जणांनी एकाच आठवड्यात, ठरवून जावं. पहिल्या दिवसाचं कोरं पान त्यानंच भरेल.

बाकीच्यांनी निदान दोन कामं आज करावीत. पेज, चॅनेल किंवा ग्रुप चालवत असाल तर आपल्या गिऱ्हाइकांचे, वाचकांचे, सभासदांचे नंबर त्यांच्या संमतीनं वेगळ्या वहीत उतरवून ठेवा. आपले फोटो, व्हिडिओ, बातम्या यांची एक प्रत स्वतःकडं ठेवा. आणि पुढं कुणी नवीन ॲप घेऊन आलं, तर फुकट आहे का एवढंच विचारू नका. इथून निघायची वेळ आली तर माझी माणसं माझ्यासोबत येतील का, हेही विचारा.