भाषण पाठ, बोलणं राहिलं

एक ऑगस्ट होऊन गेला. ठाण्या-डोंबिवली-कल्याणच्या शाळाशाळांतून लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती झाली, मुलांची भाषणं झाली, आणि त्यातली बहुतेक भाषणं एकाच वाक्याने सुरू झाली: 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, मी आज तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतपणे ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.' पुढे शेंगांच्या टरफलांची गोष्ट येते, मग सिंहगर्जना येते, आणि शेवटी 'एवढे बोलून मी माझे भाषण संपवते'. मजकूर बाईंनी किंवा आईने लिहून दिलेला असतो. कुठल्या शब्दाला हात वर करायचा हेही आदल्या रात्री बसवून घेतलेलं असतं. मधलं एखादं वाक्य निसटलं की मूल छताकडे बघतं आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतं, कारण मध्येच दुवा कसा पकडायचा हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. पाठांतरावरचा माझा राग या सदराच्या वाचकांना जुना आहे. पण इथे मुद्दा नुसत्या पाठांतराचा नाही. आपण मुलांना दुसऱ्याचं भाषण म्हणून दाखवायला शिकवतो आणि त्यालाच बोलणं समजतो. पुढे चाळीस वर्षं त्याची किंमत तीच मुलं मोजतात.

शाळेत बोलण्याला जागाच नाही असंही नाही. दहावीला भाषा विषयांच्या वीस गुणांत तोंडी परीक्षा असायची. नव्या अभ्यासक्रमाबरोबर २०१८-१९ मध्ये हे वीस गुण काढून टाकले आणि सबंध शंभर गुणांचा लेखी पेपर आला. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षापासून ते गुण परत आले. या सगळ्या वादात चर्चा झाली ती अकरावीच्या प्रवेशाची आणि इतर मंडळांच्या मुलांशी होणाऱ्या स्पर्धेची. वीस गुण काढल्याने मुलांचं बोलणं मागे पडेल का, किंवा इतकी वर्षं ते गुण देऊन ते पुढे गेलं होतं का, हा प्रश्न जवळपास कुणीच विचारला नाही. तोंडी परीक्षा निकाल वर आणण्यापुरती उरली आहे, हे त्या गदारोळातच उघड झालं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: वक्तृत्व ही उपजत देणगी आहे, दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो असं आपले पूर्वजच सांगून गेले, मग शिकवणार काय? हा समज आपल्याच इतिहासापुढे टिकत नाही. ज्यांच्या पुण्यतिथीला मुलं गर्जना करतात ते टिळक फुलोऱ्याचे वक्ते नव्हतेच. तो लौकिक 'काळ'कर्त्या शिवरामपंत परांजप्यांचा. टिळकांची ताकद मुद्द्यात आणि साध्या, थेट मांडणीत होती. गोपाळ कृष्ण गोखले तर तयारीचंच उदाहरण. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले, त्याआधी न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्यांच्याकडून आकड्यांची कसून तयारी करून घेतली होती. १९०२ मध्ये कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी जे पहिलं भाषण केलं, त्यात सरकारजवळ शिल्लक पडते आहे याचाच अर्थ लोकांवर कर जास्त आहेत, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिलं. आवाज चढवण्याची त्यांना गरज पडली नाही. आणि गांधीजी? बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात उलटतपासणीला ते उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना. फीचे तीस रुपये परत करून ते बाहेर पडले, हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिलं आहे. देणगीवर सगळं ठरत असतं तर त्यांचं सार्वजनिक आयुष्य तिथेच संपायला हवं होतं.

दुसरा आक्षेप आपल्या भागातल्या लोकांचा आणि जरा अभिमानाचा. आमच्याकडे वक्तृत्वाची परंपरा आहे, असं ते म्हणतात. आहेच. नौपाड्यात सरस्वती मंदिराच्या पटांगणावर दर जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला थंडीत शाली गुंडाळून माणसं बसतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्याने आणि २०१७ मध्ये डोंबिवलीने भरवलं. पण ही सगळी परंपरा ऐकण्याची आहे. पट्टीच्या गायकाच्या मैफली ऐकून कान तयार होतो, गळा तयार होत नाही. आणि बोलण्याची संधी म्हणून जी काही दिली जाते ती थेट स्पर्धेची: परीक्षक, स्मृतिचिन्ह, पहिले तीन क्रमांक. ज्याला मुळात बोलता येतं तो जिंकतो आणि जिंकत राहतो. ज्याचे पाय लटपटतात तो एकदा हरतो आणि पुन्हा नाव देत नाही. त्याचं कुठे चुकलं, पुढच्या वेळी काय बदलावं, हे सांगायला परीक्षकाला वेळही नसतो. कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये टोस्टमास्टर्स हे भाषणाच्या सरावाचं मंडळ सुरू केलं, त्यात नेमकी हीच उणीव भरून काढली आहे. पाच ते सात मिनिटांचं तयारीचं भाषण, एक-दोन मिनिटांचं आयत्या वेळचं भाषण, वेळ पाळायला एक जण, 'म्हणजे… म्हणजे…' मोजायला एक जण, आणि प्रत्येक भाषणावर कुणीतरी उभं राहून केलेली टिप्पणी. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ पासून लोकप्रतिनिधींना आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते, तीही मोठी माणसं शिकू शकतात हे धरूनच.

आता बोलता न येण्याची किंमत नेमकी कुठे मोजावी लागते ते पाहू. नौपाडा, पाचपाखाडी, डोंबिवलीचं टिळकनगर, रामनगर, कल्याणचा जुना भाग… तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. सोसायटीची वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे आत्ता विषयपत्रिका तयार होत असणार. पुनर्विकासाबद्दल सरकारने ४ जुलै २०१९ ला जी सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत विकासक निवडण्याच्या सभेचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे. तिथे काय घडतं? विकासकाचा माणूस लॅपटॉप उघडतो. तीसेक स्लाइड, पोडियम, बाग, हसरं कुटुंब, आणि शेवटून दुसऱ्या स्लाइडवर बारीक अक्षरांत अटी. सभासद मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कॉर्पस किती, भाडं किती महिने, काम रखडलं तर काय, बँक गॅरंटी कधी मिळणार, हे सगळे प्रश्न त्यांच्या मनात असतात. सकाळच्या लोकलमध्ये चार जणांना त्यांनी ते मुद्देसूद समजावूनही सांगितलेले असतात. पण माइक हातात आला की सुरुवात होते 'सर्वप्रथम कमिटीचे आभार' इथून, मग मागच्या सचिवांचा विषय निघतो, मग कुणीतरी 'थोडक्यात घ्या' म्हणतं, आणि बँक गॅरंटीचा प्रश्न राहून जातो. सभेच्या नोंदीत लिहिलं जातं, सविस्तर चर्चा होऊन ठराव मंजूर. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या मालमत्तेचा निर्णय असा होतो. दोन मिनिटांत एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर नोंदवून घेता येणं, हे मी नागरिकाचं मूलभूत कौशल्य मानतो.

मांडणी वाईट असेल तर हुशार माणसंही फसतात. १ फेब्रुवारी २००३ ला कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती ते परतताना नष्ट झालं. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता आणि धोका किती, याची स्लाइड अभियंत्यांनी दाखवली होती. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा असल्याचं त्या आकड्यांवरून निघत होतं. पण वर धीर देणारं शीर्षक होतं आणि ते आकडे अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात स्लाइडवर विसंबण्याच्या या सवयीवर स्पष्ट टीका केली. म्हणून सर्वांत महत्त्वाचं वाक्य सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, एका स्लाइडवर एकच. स्लाइड लोकांनी वाचायची, बोलणाऱ्याने त्यांच्याकडे तोंड करून बोलायचं.

नोकरीतली प्रेझेंटेशनं इंग्रजीत असतात, मग मराठीत शिकून काय उपयोग, असंही म्हणतात. पण अडतं ते बहुतेक वेळा इंग्रजीआधीच. मला नेमकं काय सांगायचं आहे हे एका वाक्यात लिहिता येणं, त्यासाठी तीनच कारणं निवडणं, ऐकणाऱ्याला काय करायला सांगायचं ते शेवटी सांगणं, या गोष्टी भाषेवर अवलंबून नाहीत, आणि त्या आपल्या भाषेत लवकर बसतात. 'काम बोलतं, माणसाने बोलायची गरज नाही' हे तर मला मान्यच नाही. काम मुकं असतं. कामाबद्दल दुसराच कुणीतरी बोलतो आणि श्रेय घेऊन जातो. राहिला शिक्षकांचा आक्षेप, आणि तो खरा आहे: वर्गात साठ मुलं, अभ्यासक्रम पुरा व्हायची मारामार. पण हिशेब करून पाहा. साठ मुलांना दोन-दोन मिनिटं म्हणजे एकशेवीस मिनिटं, म्हणजे शाळेच्या जेमतेम चार तासिका. आठवड्याला भाषेची एकच तासिका दिली तरी महिन्यातून एकदा प्रत्येक मूल उभं राहतं, वर्षाकाठी आठ-नऊ वेळा. विषय त्याच्या माहितीचा हवा: आमच्या इमारतीत पाणी कधी येतं, मला शाळेतलं काय बदलावंसं वाटतं. कागदावर तीन शब्दांपलीकडे काही नको, आणि 'आदरणीय व्यासपीठ' वर्गाबाहेर. गुण नकोत, क्रमांक नकोत. बोलून झाल्यावर वर्गातल्याच एका मुलाने सांगायचं की त्याला काय समजलं आणि काय समजलं नाही.

मोठ्यांसाठी तर नवी संस्थाही काढायला नको. आपल्या वाचनालयांकडे सभागृहं आहेत, खुर्च्या आहेत, माइक आहे. महिन्यातला एक रविवार सकाळी त्यांनी यासाठी द्यावा, वक्ता बोलावू नये, हार-शाल ठेवू नये. वीस जणांनी तीन-तीन मिनिटं बोलावं आणि वीस जणांनी त्यावर एक-एक मिनिट. पहिला विषय सोसायटीच्या सभेत विचारायचा प्रश्न असावा, आणि पहिली बैठक सप्टेंबर उजाडण्याआधी व्हावी.